तिबेटी माणसाला विचारले कोणी?

डॉ. रफिक झकेरिया हे नाव छत्रपती संभाजीनगरात आजही कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. १९६२ मध्ये ते तेव्हाच्या औरंगाबादमधून महाराष्ट्र विधानसभेवर निवडून गेले, पुढे राज्याच्या मंत्रिमंडळात बरीच वर्षे राहिले, आणि १९६३ मध्ये त्यांनी मौलाना आझाद महाविद्यालय सुरू केले. जुन्या वेशींच्या बाहेर सिडको कशी उभी राहिली, जालना रस्त्याने चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या दिशेने शहर कसे सरकत गेले, हा विषय निघाला की झकेरियांचा उल्लेख होतोच. मात्र त्यांच्या खात्यावरची एक नोंद शहराच्या फारशी स्मरणात नाही. औरंगाबादचे आमदार असतानाच, डिसेंबर १९६५ मध्ये, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत भारताच्या वतीने तिबेटच्या बाजूने भाषण केले ते याच झकेरियांनी.

त्या भाषणाचे मोल कळायचे तर आधीचे कागद उलगडावे लागतात. तिबेटमधील मानवी हक्कांचा ठराव महासभेपुढे पहिल्यांदा मतदानाला आला १९५९ मध्ये. भारत तेव्हा तटस्थ राहिला. १९६१ मध्येही तटस्थ राहिला. १९६५ मध्ये मात्र भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. सहा वर्षांत तिबेटींच्या हक्कांत असा काय फरक पडला होता, की फरक आपल्याच भूमिकेत पडला होता?

उत्तरासाठी पुरेसे कागद शिल्लक आहेत. भारत आणि चीन यांच्यातला पत्रव्यवहार परराष्ट्र मंत्रालयाने श्वेतपत्रिकांच्या रूपाने छापला. त्यातली पहिली सप्टेंबर १९५९ मध्ये संसदेपुढे ठेवली गेली. संयुक्त राष्ट्रांची इतिवृत्ते आहेत. ल्हासात चिनी अधिकारी आणि दलाई लामा यांच्यात झालेली पत्रापत्री आहे. एका मुंबईकर वकिलाच्या अध्यक्षतेखाली तयार झालेला अहवाल आहे. आणि तीन दशकांहून अधिक काळ दडून राहिलेला एक तिबेटी अर्ज आहे. हे कागद वाचताना प्रत्येकाला एक साधा प्रश्न विचारायला हवा. यात तिबेटी माणसाच्या स्वातंत्र्याबद्दल बोलणे चालले आहे खरे, पण खुद्द त्याला कोणी विचारले आहे का?

सह्यांचे कागद

सुरुवात २३ मे १९५१ च्या सतरा कलमी करारापासून करू. चिनी फौजा आदल्या वर्षी पूर्व तिबेटात शिरल्या होत्या. नोव्हेंबर १९५० मध्ये तिबेटने संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली आणि एल साल्वादोरने तो विषय पुढे रेटला. पण ब्रिटनने आणि भारताने सबुरीचा सल्ला दिला. भारताचे प्रतिनिधी नवानगरचे जामसाहेब यांनी शांततेने तडजोड होईल अशी आशा व्यक्त केली आणि विषय बाजूला पडला. पुढे बीजिंगमध्ये करार झाला. तिबेटी शिष्टमंडळाचे नेते होते ङापो ङावांग जिग्मे. करारात तिबेटला प्रादेशिक स्वायत्तता, दलाई लामांच्या स्थानाला धक्का न लावण्याचे वचन, धर्मस्वातंत्र्य आणि सुधारणांबाबत सक्ती न करण्याची हमी अशी सगळी कलमे आहेत. कागद म्हणून पाहिला तर त्यात उणे काढायला फारशी जागा नाही. मात्र सही करणाऱ्यांवर दडपण होते, असे दलाई लामांनी १९५९ मध्ये भारतात आल्यावर सांगितले.

दुसरा कागद २९ एप्रिल १९५४ चा. भारत आणि चीन यांच्यातला तिबेटविषयक व्यापार व दळणवळण करार, ज्याच्या प्रस्तावनेत पंचशील पहिल्यांदा लिहिले गेले. भारतातर्फे राघवन आणि चीनतर्फे चांग हान-फू यांच्या सह्या त्यावर आहेत. व्यापारपेठा कुठे असाव्यात, यात्रेकरूंनी कोणत्या वाटेने जावे, परवाने कसे द्यावेत याचा त्यात बारकाईने विचार आहे. करार तिबेटबद्दलचा असूनही तिबेटी सही त्यावर नाही.

त्याच वर्षी २६ ऑगस्टला राज्यसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या करारातल्या पंचशीलावर नेमके बोट ठेवले. पंडित नेहरू पंचशीलाला इतके महत्त्व देतात याचे त्यांना आश्चर्य वाटले होते. पंचशील ही बौद्ध धर्मातली गोष्ट आहे. माओंचा तिच्यावर विश्वास असता तर त्यांनी आपल्या देशातल्या बौद्धांना वेगळ्या रीतीने वागवले असते, असा त्यांचा युक्तिवाद होता. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन आपण चीनची सरहद्द भारताला आणून भिडवली, हेही त्यांनी सुनावले. हे भाषण महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या समग्र लेखनाच्या पंधराव्या खंडात आहे. त्याच्याकडे एरवी सरहद्दीच्या संदर्भात पाहिले जाते. पण त्यातला पहिला मुद्दा राज्यकर्त्याच्या वचनाची परीक्षा कशी करावी याचा आहे: कोणी काय सही केली यापेक्षा तो आपल्या हाताखालच्या माणसांशी कसा वागतो, ते पाहा.

ल्हासातली सहा पत्रे

चिनी सत्ता आणि तिबेटी नेतृत्व यांचा थेट लेखी संवाद हवा असेल तर तो मार्च १९५९ च्या एका आठवड्यात सापडतो. १० मार्चला चिनी लष्करी तळावर नाट्यप्रयोगाचे निमंत्रण होते. दलाई लामांना तिथे नेऊन पळवणार, अशी बोलवा झाली आणि हजारो लोकांनी नोर्बुलिंगका राजवाड्याला वेढा घातला. त्या दिवसापासून १६ मार्चपर्यंत चिनी लष्कराचे राजकीय अधिकारी जनरल तान ग्वानसान यांनी तीन आणि दलाई लामांनी तीन अशी सहा पत्रे लिहिली.

दलाई लामा तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यांच्या पत्रांचा सूर विनवणीचा आहे. आपल्याला यायचे होते, पण लोकांनी अडवले. त्याची लाज वाटते. काही प्रतिगामी मंडळी आपल्या रक्षणाच्या नावाखाली आपल्यालाच धोक्यात घालत आहेत. जमेल तसे थोड्या माणसांनिशी गुपचूप लष्करी तळावर येण्याचा विचार आहे, अशा आशयाची ती पत्रे आहेत. चिनी बाजूच्या शेवटच्या पत्राबरोबर ङापोंचेही पत्र होते. तुम्ही राजवाड्याच्या कोणत्या इमारतीत आहात ते कळवा, म्हणजे तिला इजा होणार नाही, असे त्यात सुचवले होते. याचा अर्थ एकच होऊ शकत होता. बाकीच्या इमारतींवर तोफा चालणार होत्या. १७ मार्चच्या रात्री दलाई लामा वेश बदलून बाहेर पडले. २० मार्चला तोफा चालल्या. २८ मार्चला चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी तिबेटचे स्थानिक सरकार बरखास्त केल्याचा हुकूम काढला.

महिनाअखेरीस चीनने ही पत्रे जगापुढे मांडली. पाहा, दलाई लामा आमच्याकडेच येऊ इच्छित होते, बंडखोरांनी त्यांना पळवून नेले, हा त्यामागचा दावा. दलाई लामांनी १९६२ मध्ये छापलेल्या आत्मचरित्रात पत्रे आपलीच असल्याचे मान्य केले. वेळ काढावा, डोकी थंड व्हावीत आणि रक्तपात टळावा म्हणून तसे लिहिले, असे सांगितले. पत्रे खरी आहेत याबद्दल दोन्ही पक्षांत वाद नाही. वाद आहे तो त्यातल्या शब्दांचा किती भरवसा धरावा याबद्दल. ज्याच्या खिडकीबाहेर हजारोंचा वेढा आहे आणि त्यापलीकडे तोफा रोखलेल्या आहेत, त्याने लिहिलेली मैत्रीची ग्वाही इतिहासकाराने त्याचे मत म्हणून नोंदवू नये. परिस्थितीचा पुरावा म्हणून मात्र ती पत्रे फार मोलाची आहेत.

३१ मार्चला दलाई लामांनी भारताची हद्द ओलांडली. १८ एप्रिलला तेजपूरला त्यांचे निवेदन वाचून दाखवण्यात आले. आपण स्वेच्छेने आलो, कोणी पळवून आणले नाही, हे त्यातले मुख्य विधान. निवेदन तृतीय पुरुषात होते, तेवढे धरून चीनच्या शिन्हुआ वृत्तसंस्थेने ते दलाई लामांचे नव्हेच असे म्हटले. २२ एप्रिलला मसुरीहून दलाई लामांनी ते आपल्याच संमतीचे असल्याचे छोटे निवेदन दिले. स्वतःच्या इच्छेबद्दल बोलणाऱ्या तिबेट्याला आपण खरेच बोललो, हे चार दिवसांत पुन्हा सांगावे लागले.

मुंबईच्या भिंतीवर

दलाई लामा मसुरीला पोहोचले तो दिवस २० एप्रिल १९५९. त्याच दिवशी मुंबईत चीनच्या वाणिज्य दूतावासावर सोशालिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मोर्चा नेला. तिबेटमधल्या चिनी कारवाईला साम्राज्यशाही म्हणणाऱ्या घोषणा झाल्या. मग दूतावासाच्या भिंतीवर माओ त्से-तुंग यांचे चित्र चिकटवण्यात आले आणि त्यावर टोमॅटो आणि नासकी अंडी फेकली गेली.

शहरातल्या मोर्चांच्या इतिहासात ही एक किरकोळ दुपार ठरली असती. पण २७ एप्रिलला चीनने भारत सरकारला जो निषेधखलिता दिला, तो वाचून त्या वेळच्या परराष्ट्र खात्यातही भुवया उंचावल्या असतील. तक्रार अशी की चीनच्या राष्ट्रप्रमुखाचा घोर अपमान झाला. पोलीस जवळच उभे होते आणि त्यांनी हस्तक्षेप केला नाही. उलट वार्ताहरांना छायाचित्रे घेता यावीत म्हणून बघ्यांना बाजूला सारले. पासष्ट कोटी चिनी जनता हा अपमान सहन करणार नाही, आणि समाधानकारक निकाल लागेपर्यंत, शंभर वर्षे लागली तरी, चीन हे प्रकरण सोडणार नाही, असे खलित्यात बजावले आहे. तिबेटचा उल्लेख आहे, पण तो चीनच्या स्वतःच्या भूभागातले बंड मोडण्याच्या संदर्भात. तिबेटी लोकांना काय वाटते हा प्रश्न त्या कागदात उपस्थितच होत नाही. अपमान एका चित्राचा झाला आणि शंभर वर्षांची मुदत त्या चित्रासाठी होती.

या खलित्याच्या आदल्याच दिवशी, २६ एप्रिलला, परराष्ट्र सचिव सुबिमल दत्त यांनी चिनी राजदूतांना एक निवेदन दिले होते. बीजिंगमधून भारतावर शीतयुद्धाच्या भाषेत आरोप होत आहेत याबद्दल त्यात खेद होता. भारतात कायदा अनेक पक्ष मानतो आणि वेगवेगळी मते मांडण्याला संरक्षण देतो. चीनमध्ये तसे नाही. इथे सरकारवरही रोज टीका होते, हे त्यात शांतपणे सांगितले होते.

मुंबईच्या प्रकरणाचे उत्तर ३० एप्रिलला गेले. मित्रराष्ट्राच्या प्रमुखाच्या चित्राचा अनादर झाला याबद्दल भारताने मोकळेपणाने खेद व्यक्त केला. पण पुढे जे लिहिले ते आजही कायद्याच्या विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. मिरवणूक शांततेची असेल तोवर भारतीय कायद्यानुसार तिच्यावर बंदी घालता येत नाही. संसद भवनाजवळही मोर्चे निघतात आणि देशातल्या मोठमोठ्या व्यक्तींविरुद्ध वाट्टेल त्या घोषणा होतात. खुद्द महात्मा गांधींची आणि पंतप्रधानांची चित्रे घेऊन बेजबाबदार लोकांनी त्यांची विटंबना केल्याचेही प्रसंग घडले आहेत. प्रत्यक्ष हिंसा होत नाही तोवर राज्यघटना लोकांना बरीच मोकळीक देते.

आमच्या गांधीजींच्या वाट्याला जे आले, ते तुमच्या अध्यक्षांच्या वाट्याला आले, याहून वेगळे काही या उत्तरात नाही. तरी तिबेटवरच्या त्या वर्षीच्या सरकारी कागदांत नागरिकाच्या हक्कांची इतकी स्पष्ट मांडणी दुसरीकडे क्वचितच मिळेल. गंमत अशी की ती मांडणी मुंबईकरांच्या हक्कांची आहे. तिबेट्यांच्या हक्कांबद्दल तोच भारत अजून हातचे राखून बोलत होता. १६ मे रोजी चिनी राजदूत पान झली यांनी, भारताला एकाच वेळी दोन आघाड्यांवर शत्रू परवडणार आहेत का, असा सूर लावला, तेव्हा त्यामागचे कारण उघड झाले. दोन सरकारांना एकमेकांशी बिघाड नको होता. किमान कागदावर तरी.

जबानी घेणारा वकील

मोर्चा काढणारे समाजवादी आणि तिबेटी निर्वासितांची जबानी घेणारे पुरुषोत्तम त्रिकमदास हे एकाच राजकीय परंपरेतले. त्रिकमदास मुंबईचे वकील, समाजवादी पक्षाचे जुने नेते आणि सर्वोच्च न्यायालयात ज्येष्ठ अ‍ॅडव्होकेट. जिनिव्हाच्या ‘इंटरनॅशनल कमिशन ऑफ ज्युरिस्ट्स’ या संस्थेने तिबेटची चौकशी त्यांच्याकडे सोपवली. जुलै १९५९ मध्ये प्राथमिक अहवाल निघाला. मग त्यांच्याच अध्यक्षतेखाली कायदेतज्ज्ञांची समिती नेमली गेली. घाना, फिलिपाइन्स, सिलोन, मलाया, नॉर्वे, थायलंड अशा देशांतले सदस्य तिच्यात होते, भारतातून एन. सी. चॅटर्जी होते. समितीचा अहवाल १९६० मध्ये आला.

तिबेटात जाऊन पाहणी करणे समितीला शक्य झाले नाही. भारतात आलेल्या निर्वासितांच्या जबान्या आणि चिनी बाजूची प्रसिद्ध झालेली निवेदने यांवरच तिला भिस्त ठेवावी लागली. निष्कर्ष मात्र वकिली शिस्तीने काढलेले आहेत. तिबेटींना धार्मिक समूह म्हणून नष्ट करण्याच्या हेतूने वंशसंहाराची कृत्ये झाली, असे समितीने म्हटले. त्याचबरोबर वंश, राष्ट्र किंवा जमात म्हणून त्यांचा संहार झाल्याचा कायद्याला पुरेल असा पुरावा नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातल्या सोळा कलमांचा भंग झाल्याचे नोंदवले. १९१३ ते १९५० या काळात तिबेटकडे राष्ट्र म्हणवून घेण्याच्या अटी पुऱ्या होत्या, असे मत दिले.

या अहवालाकडे डोळे झाकून पाहता येत नाही. या संस्थेला पैसा पुरवणाऱ्या एका अमेरिकी निधीमागे सीआयए होती, हे १९६७ मध्ये उघड झाले. जबान्या देणारे सगळे पळून आलेले होते, म्हणजे त्रास झालेले होते. तिबेटात राहिलेल्या आणि जमीनसुधारणांचा लाभ झालेल्या कुळांचा आवाज त्यात नाही. जुना तिबेट म्हणजे नंदनवन नव्हते. मठांच्या आणि सरदारांच्या जमिनींवर वेठीला बांधलेली माणसे तिथे होती, ही चिनी बाजू सांगते त्यातही तथ्य आहे. तरीही एक गोष्ट या अहवालाच्या पारड्यात राहते. आतापर्यंतच्या कागदांत तिबेटी माणसाला समोर बसवून, तुझ्या गावात काय झाले ते सांग, असे विचारणारा हा पहिलाच कागद आहे.

न आलेला पुरावा

निर्वासितांची जबानी पक्षपाती, असे म्हणणाऱ्याला उत्तर देऊ शकेल असा एक दस्तऐवज तेव्हा तयार होत होता, फक्त तो बाहेर कोणाला माहीत नव्हता. दलाई लामा गेल्यावर दहावे पंचेन लामा तिबेटातच राहिले होते. १९५९ च्या सुधारणांना त्यांनी जाहीर पाठिंबा दिला होता. चीन त्यांना आपल्या बाजूचे मानत होता. १९६२ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्यांनी चौ एन-लाय यांना एक लांबलचक अर्ज सादर केला. त्यातल्या सत्तर हजार चिनी अक्षरांवरून तो पुढे ओळखला जाऊ लागला.

अर्जाची भाषा पक्षनिष्ठेची आहे. सुरुवातीला पक्षाचे गुणगान आहे, सुधारणांचे स्वागत आहे. मग एकेक आकडा येतो. सुधारणांपूर्वी तिबेटात अडीच हजारांहून अधिक मठ होते, आता सत्तरच्या आसपास उरले. भिक्षू आणि भिक्षुणी मिळून सुमारे १,१०,००० होते, ते सुमारे ७,००० वर आले. उपासमारीने माणसे मेली, निरपराध माणसे तुरुंगात गेली, हेही त्यात आहे. माओंनी त्या अर्जाला विषारी बाण ठरवले. १९६४ अखेर पंचेन लामांची पदे काढून घेण्यात आली आणि पुढे त्यांनी अनेक वर्षे कैदेत काढली. अर्जाचा मजकूर १९९७ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

सांस्कृतिक क्रांती सुरू झाली १९६६ मध्ये. तिबेटमधल्या मठांचा विध्वंस त्या क्रांतीच्या माथी मारण्याची सवय चिनी लेखनात बरीच आहे. पंचेन लामांचे आकडे चार वर्षे आधीचे आहेत आणि ते चीनच्याच मर्जीतल्या माणसाने चीनच्याच पंतप्रधानांना दिलेले आहेत. यामुळे त्रिकमदास समितीपुढची प्रत्येक जबानी सिद्ध होत नाही. पण धर्मसंस्थेवर काय बेतले याबद्दलच्या त्यांच्या मुख्य निष्कर्षाला आतून दुजोरा मिळतो. चिनी सत्तेशी तिबेटी माणसाने हक्कांबद्दल केलेला हा कदाचित सर्वांत प्रामाणिक लेखी संवाद. त्याला उत्तर मिळाले ते तुरुंगाचे.

याक, मेंढ्या आणि चार तिबेटी

आता पुन्हा न्यूयॉर्क. ९ सप्टेंबर १९५९ ला दलाई लामांनी संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांकडे दाद मागितली. आयर्लंड आणि मलाया यांनी ठराव मांडला. २१ ऑक्टोबरला तो ४५ विरुद्ध ९ मतांनी मंजूर झाला. २६ देश तटस्थ राहिले, त्यात भारत. ठरावात तिबेटी जनतेचे मूलभूत हक्क आणि तिची सांस्कृतिक व धार्मिक जीवनपद्धती यांचा आदर व्हावा असे म्हटले होते. चीनचे नाव त्यात नव्हते. बीजिंगचे सरकार तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे सदस्यही नव्हते. जागा तैपेईच्या सरकारकडे होती. म्हणजे चर्चा ज्यांच्याबद्दल होती त्या दोघांपैकी कोणीच सभागृहात नव्हते. ठरावाने तिबेटींचे काही भले होणार नाही, असे नेहरूंचे म्हणणे होते.

मग १९६२ चे युद्ध झाले. १९६५ च्या सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई चालू असताना चीनने सिक्कीमच्या सरहद्दीवरून भारताला निर्वाणीचा इशारा दिला. तिथल्या लष्करी चौक्या पाडा, आणि भारतीय सैनिकांनी पळवून नेलेले चार तिबेटी, ८०० मेंढ्या आणि ५९ याक परत करा, अशी मागणी होती. २४ सप्टेंबरला दिल्लीत अटलबिहारी वाजपेयी आठशे मेंढ्यांचा कळप घेऊन चिनी वकिलातीवर गेले. चीनने या मोर्च्याचाही लेखी निषेध केला.

भारताच्या १ ऑक्टोबरच्या उत्तरात मेंढ्यांचा मोर्चा हा दिल्लीकरांच्या संतापाचा उत्स्फूर्त, शांत आणि खेळकर आविष्कार होता, असे सांगून सरकारने आपला त्याच्याशी संबंध नसल्याचे कळवले. सहा वर्षांपूर्वी मुंबईबद्दल दिलेल्या उत्तराचाच हा पुढचा अध्याय. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. ते चार तिबेटी इतर निर्वासितांप्रमाणे आपल्या मर्जीने भारतात आले आहेत आणि त्यांना वाटेल तेव्हा ते परत जायला मोकळे आहेत, असे भारताने लिहिले. एका सरकारच्या कागदात ती चार माणसे याक आणि मेंढ्यांच्या यादीत मोजलेली होती. दुसऱ्याने त्यांना निदान मर्जी असते, एवढे मान्य केले. ती चार माणसे स्वतः काय म्हणाली, हे मात्र याही कागदात नाही.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी झकेरिया महासभेत उभे राहिले. चीन सरकार तिबेटी जनतेचे अस्तित्व पुसायला निघाले आहे, हे उघडे सत्य सगळ्यांनी मान्य केले पाहिजे. पण कोणत्याही जनतेला कायमचे दडपून ठेवता येत नाही, असे त्यांनी सांगितले. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातली स्वातंत्र्ये तिबेटींना परत मिळवून देण्यासाठी जगाने मदत करावी आणि भारत निर्वासितांना सर्व सोयी देत राहील, हा त्यांच्या भाषणाचा गाभा होता. १८ डिसेंबर १९६५ रोजी ठराव ४३ विरुद्ध २६ मतांनी मंजूर झाला, २२ तटस्थ. भारताचे मत या वेळी बाजूने होते.

कागदांच्या क्रमावरून निष्कर्ष लपत नाही. १९५९ ते १९६५ या काळात तिबेटींच्या हक्कांचे स्वरूप बदलले नाही. त्रिकमदासांचा अहवाल १९६० पासूनच सगळ्यांसमोर होता. बदलले ते भारत आणि चीन यांचे संबंध. हक्कांची भाषा आपल्या सरकारला सुचली ती ती परवडू लागल्यावर. हे सांगितल्याने झकेरियांच्या भाषणाची किंमत कमी होत नाही. त्यांनी दिलेला शब्द तरी पाळला गेला. त्यांच्याच राज्यात १९७२ मध्ये तेव्हाच्या भंडारा, आताच्या गोंदिया जिल्ह्यात नोरग्येलिंग ही तिबेटी वसाहत उभी राहिली, ती आजही आहे. पण सरकारच्या मतदानाला तत्त्वनिष्ठेचे प्रमाणपत्र देण्याची घाई इतिहासकाराने करू नये.

पुढच्या काळात या प्रश्नावर खुद्द चिनी माणसे बोलू लागली. लोकशाहीवादी वेई जिंगशेंग यांनी १९९२ मध्ये तुरुंगातून देंग शियाओपिंग यांना तिबेटच्या प्रश्नावर पत्र लिहिले. मार्च २००८ मध्ये ल्हासात दंगल उसळल्यावर लेखक वांग लिशियोंग यांच्या पुढाकाराने काही चिनी बुद्धिवंतांनी बारा सूचनांचे निवेदन काढले. लिऊ शियाओबो यांची त्यावर सही होती. एकतर्फी प्रचार थांबवा आणि दलाई लामांशी थेट बोला, असे ते आपल्याच सरकारला सांगत होते. चीन सरकार आणि दलाई लामांचे दूत यांच्यात २००२ पासून बोलण्याच्या नऊ फेऱ्या झाल्या. २००८ मध्ये तिबेटी दूतांनी चीनच्याच राज्यघटनेच्या चौकटीत स्वायत्तता मागणारे निवेदन दिले, चीनने ते फेटाळले, आणि जानेवारी २०१० नंतर औपचारिक फेरी झाली नाही. १९५१ च्या करारात जे लिहून दिले होते, त्याहून फारसे वेगळे काही त्या निवेदनात मागितलेले नव्हते.

ऑक्टोबर १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांतली चीनची जागा बीजिंगला मिळाली. तिबेटवर महासभेने एकूण तीन ठराव केले. झकेरिया ज्यावर बोलले, तो त्यातला शेवटचा.